अहमदाबादेतील स्टुडिओ पाहताना: वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

आर्किटेक्टचा स्टुडिओ, चित्रकाराची कार्यशाळा किंवा डिझाइनच्या विद्यार्थ्यांचे कामाचे दालन यांची छायाचित्रे आपण इतकी पाहिलेली असतात, की प्रत्यक्ष जाऊन वेगळे काय हाती लागणार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अहमदाबादला जाऊन आल्यावर मला वाटते ते असे, की छायाचित्रात इमारतीचा आकार दिसतो. पण काम करणाऱ्याच्या टेबलावर उजेड कोणत्या बाजूने येतो आणि भर दुपारी तिथे बसवते की नाही, हे त्यात कळत नाही, आणि स्टुडिओची खरी पारख या दोनच गोष्टींवर होते. या दृष्टीने पाहायला अहमदाबादइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल, कारण १९५४ पासून २०१७ पर्यंतची महत्त्वाची कामे इथे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर उभी आहेत.

सुरुवात आश्रम रोडवरच्या गिरणीमालक संघाच्या इमारतीपासून करावी. जगप्रसिद्ध फ्रेंच-स्विस आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांची ही इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. ती स्टुडिओ नाही, तरीही पुढे जे काही पाहायचे आहे त्याची बाराखडी इथेच गिरवता येते. रस्त्याकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरक्या बसवल्या आहेत, त्यामुळे उतरतीचे ऊन आत शिरत नाही. साबरमतीच्या बाजूला त्याच पट्ट्या काटकोनात आहेत, म्हणून वारा आणि नदीकडची नजर दोन्ही मोकळी राहतात. उरलेल्या दोन बाजू जवळजवळ बंद आहेत. कामकाजाच्या दिवशी, दुपार कलल्यावर, पण कचेरी बंद होण्यापूर्वी जावे. तेव्हा ऊन नेमके पश्चिमेच्या पट्ट्यांवर असते आणि सावली कशी सरकते ते उतारावरून वर चढता चढता दिसते.

या कामावर देखरेख करण्यासाठी पॅरिसहून परतलेले तरुण आर्किटेक्ट म्हणजे बाळकृष्ण दोशी. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले दोशी पुढे अहमदाबादचेच झाले. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले, आणि ते मिळवणारे ते पहिले भारतीय होते. यापुढचा बहुतेक प्रवास त्यांच्याच इमारतींमधून होतो.

नवरंगपुऱ्यातल्या ‘सेप्ट’ या वास्तुकला आणि नियोजन शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या आवारासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. मेट्रोने ‘गुजरात युनिव्हर्सिटी’ स्थानकावर उतरणे सोयीचे पडते. रिक्षाने जाणाऱ्यांनी ‘गुजरात विद्यापीठ’ असे सांगू नये. ती आश्रम रोडवरची निराळी संस्था आहे आणि रिक्षा सरळ तिकडे जाईल. दोशींनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या वास्तुकला विद्यालयाची इमारत म्हणजे विटांच्या समांतर भिंती आणि त्यांच्यामध्ये दुमजली उंचीचे स्टुडिओ, एवढीच साधी मांडणी आहे. उत्तरेकडच्या मोठ्या काचांतून दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड ड्रॉइंग बोर्डावर येतो, तर दक्षिणेची बाजू खोल आत घेतलेली असल्याने ऊन भिंतीपाशीच थांबते. तळमजला बहुतांशी मोकळा आहे. वर्ग, वाट आणि पायऱ्या यांच्यात ठळक सीमारेषा नसल्यामुळे एका वर्षाचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाचे काम येता-जाता पाहतात, आणि माझ्या मते या इमारतीचे खरे अंतर्गत सजावटीचे साहित्य ही ये-जाच आहे. आताच्या कित्येक कार्यालयांत ‘एकत्र काम करण्याची जागा’ म्हणून रंगीत खुर्च्या मांडलेल्या असतात. ते काम इथे जिन्याच्या पायऱ्या करतात.

त्याच आवारात कनोरिया कला केंद्र आहे. तेही दोशींचे, १९८४ चे. चित्र, शिल्प, मुद्राचित्र आणि सिरॅमिक यांसाठीचे स्टुडिओ मोकळ्या अंगणांभोवती विणलेले आहेत. कलादालन पाहता येते; स्टुडिओत मात्र कोणी काम करत असेल तर दारातच थांबावे आणि बोलावले तरच आत जावे.

सेप्टचे लीलावती लालभाई ग्रंथालय राहुल मेहरोत्रा यांच्या आरएमए आर्किटेक्ट्सने केले असून ते २०१७ चे आहे. आजूबाजूच्या विटांच्या इमारतींपेक्षा उंच होऊ नये म्हणून त्याचा मोठा भाग जमिनीखाली घेतला आहे, आणि बाहेरच्या झडपा फिरवून उजेड कमी-जास्त करता येतो. म्हणजे १९५४ मध्ये काँक्रीटमध्ये कायमची ओतलेली पट्टी इथे हलती झाली आहे. हे दोन टोकांचे काम एकाच दिवशी पाहिले, तर त्यांच्यातले नाते आपोआप लक्षात येते. आत जायला संस्थेची परवानगी लागते.

आवाराच्या कडेला असलेल्या ‘अमदावाद नी गुफा’पाशी सर्वाधिक गर्दी असते. दोशी आणि चित्रकार एम. एफ. हुसेन यांची ही १९९५ मधील भूमिगत वास्तू फेरोसिमेंटच्या, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून केलेल्या पातळ कवचाची आहे. आत तिरक्या, झाडांच्या बुंध्यांसारख्या खांबांचा मेळा आणि भिंतींवर थेट रंगवलेली हुसेन यांची चित्रे आहेत. कवच थक्क करणारे आहे, यात वाद नाही. पण चित्र नीट पाहण्यासाठी लागणारा शांत, एकसारखा उजेड इथे मुद्दामच नाकारला आहे, म्हणून कलादालन म्हणून माझे मन तिथे फारसे रमले नाही. गुफा दुपारी उशिरा उघडते आणि सोमवारी बंद असते. सकाळी सेप्ट आणि शेवटी गुफा असा क्रम ठेवल्यास हेलपाटा वाचतो.

या प्रवासाचा गाभा म्हणजे ड्राइव्ह-इन रस्त्यावरचे ‘संगाथ’, दोशींनी १९८० च्या सुमारास स्वतःसाठी बांधलेला स्टुडिओ. फाटकातून आत शिरल्यावर इमारत समोर उभी राहत नाही. वाट बाजूने वळते, पायऱ्यांचा छोटा रंगमंच लागतो, पाण्याची पन्हळ लागते, आणि मग अर्धगोल पांढऱ्या कमानींची छपरे जवळ येतात. त्यांच्यावर बसवलेले चिनी मातीच्या फुटक्या फरशांचे तुकडे अगदी जवळून पाहावेत: एकाही तुकड्याचा आकार दुसऱ्यासारखा नाही, कडा ओबडधोबड आहेत, आणि तरीही हाताने जुळवलेली ही पांढरी कातडी वळणावर कुठे तुटत नाही. शोभेपलीकडे तिचे कामही मोठे आहे. चकचकीत पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो; त्याखालच्या कवचात बसवलेल्या मातीच्या पोकळ नळ्यांतली हवा उरलेली उष्णता अडवते; आणि खोल्या जमिनीच्या पातळीखाली उतरवलेल्या असल्याने बाजूची माती भिंतींना थंड ठेवते. बाहेर डोळे दिपवणारे ऊन असताना पायऱ्या उतरून आत गेलो, की अंगाला हा फरक पहिल्या काही पावलांतच कळतो. डोळे सरावायला मात्र थोडा वेळ लागतो, आणि तो द्यावा, कारण वरच्या बाजूने कमानीच्या पोटावर पडून खाली झिरपणारा उजेड त्यानंतरच उमगतो. टेबलावर थेट ऊन येत नाही, तरी कागद स्वच्छ दिसतो.

‘संगाथ’ हे आजही चालते कार्यालय आहे. त्यामुळे आधी लेखी विचारणा करून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नये. पत्रात किती जण येणार आणि आपण काय करता, हे लिहावे. आतले छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे आणि नकार मिळाला तर वही काढावी. मला तर वहीच अधिक उपयोगी पडली, कारण खिडकीची उंची, टेबलाची दिशा आणि उजेडाची बाजू टिपायला साधे रेखाटन पुरते. पाल्डीच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे आवारही पाहण्याजोगे आहे, पण तिथेही पूर्वपरवानगी हवी.

चालणे बरेच होत असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे, हा सल्ला सगळेच देतील. या इमारती ज्यासाठी बांधल्या ती उष्णता तेव्हा जाणवत नाही, एवढे मात्र ध्यानात असावे. ज्यांना ती सोसते त्यांनी मार्चअखेरीस जावे, आणि ‘संगाथ’च्या छपरांवरून पन्हळींत उतरणारे पाणी पाहायचे असेल तर पावसाळा गाठावा. मे-जूनच्या सुट्टीत जाणे टाळावे. तेव्हा सेप्टचे स्टुडिओ रिकामे असतात, आणि कागद, मॉडेल, माणसे नसलेल्या स्टुडिओत उजेड कुणाच्या टेबलावर पडतो तेच पाहायला मिळत नाही.