टेरेसची चावी आणि बाबांची हुरडा पार्टी

बाबांना जानेवारीत पंचाहत्तर पूर्ण झाली. गुडघ्यांमुळं आता शेतात जाणं होत नाही त्यांचं, म्हणून आम्ही ठरवलं की हॉल वगैरे नको, शेतच घरी आणायचं. संभाजीनगरला आमच्या बिल्डिंगच्या टेरेसवर हुरडा पार्टी, तीस माणसं, सगळी घरचीच. परभणीकडं चुलतभावानं खास हुरड्यासाठी सुरती ज्वारीची चार तासं, म्हणजे ओळी, लावलेली. चटण्या, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचे ढाळे हे सगळं दोन दिवसात जमलं. अडलं ते चावीवर.

चावी सोसायटीच्या ऑफिसात. गेले तर म्हणले अर्ज द्या, दिला. दोन दिवसांनी म्हणले साध्या कागदावर चालत नाही, फॉर्म लागतो, आणि फॉर्म संपलेत. मग शेजारच्या काकूंनी नातवाच्या बारशाच्या वेळी भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स होती, तिच्यावर पांढरी शाई लावून परत झेरॉक्स मारली. तो घेऊन गेले तर वरच्या मजल्यावरच्या चारही घरांच्या सह्या आणा. तीन मिळाल्या, चौथ्या घराला कुलूप, ते लग्नाला नांदेडला गेलेले. त्यांनी बिचाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच सहीचा फोटो पाठवला, पण ऑफिसात म्हणले फोटो चालत नाही. आणि इकडं भावाचा रोज फोन, "ताई, कणीस चिकात आलंय, चार-पाच दिवसांत काढावं लागतंय, निब्बर झाल्यावर मग भाकरीच कर." हुरड्याचं हेच तर असतंय, दाणा कोवळा आहे तोवर गोड, पुढं त्यातल्या साखरेचं पीठ होत जातं, तो कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. सहाव्या दिवशी नांदेडची माणसं परत आली, सही झाली, डिपॉझिट भरलं, आणि पावती फाडता फाडता ते म्हणतात, "पण टेरेसवर जाळ करता येणार नाही, वॉटरप्रूफिंग खराब होतंय." मला रडूच आलं तिथं. मुद्दा बरोबर होता त्यांचा, खरंच खराब होतं, पण अर्जात पहिल्याच ओळीत मी हुरडा लिहिलेलं, मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालतं?

तिथंच बसून कागदावर काढून दाखवलं. खाली विटांचे दोन थर, वर पत्रा, त्यावर वाळूनं अर्धं भरलेलं मोठं घमेलं, आगटी, म्हणजे कणसं भाजायचा विस्तव, त्या घमेल्यात. बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. गाणी दहाला बंद, रात्री दहाचा नियम तर सगळीकडंच आहे. तरी कमिटीला विचारतो म्हणून अजून दोन दिवस गेले. चावी हातात आली शनिवारी संध्याकाळी, पार्टी रविवारी. तुम्हाला करायचं असेल तर आधी जाळाचं विचारा, तेही लेखी, बाकी सगळं नंतर.

रविवारी भावानं पहाटे दोनशे कणसं काढली, ओल्या पोत्यात गुंडाळून गाडीत घालून आणली. कोरडी आणू नका, दाणा सुकतो. गोवऱ्या तासभर आधी पेटवायच्या, धूर पूर्ण गेला की मगच कणसं राखेत खुपसायची, जाळावर धरली की वरून करपतात अन् आत कच्ची राहतात. चोळायला गोणपाट घ्या, नवख्यांचे हात भाजतात. आणि एकदम सगळी भाजू नका, गार हुरड्याला मजा नाही, घाणा घाणा करून काढा.

लेकरांसाठी एक खेळ ठेवलेला, डोळे बांधून चटणी ओळखायची. कारळ, जवस, तीळ, शेंगदाणा, लसूण. कारळ आणि जवसात मोठी माणसं पण फसली, लै हसलोत. दोरीवर बाबांचे जुने फोटो चिमट्यांनी लावलेले, ज्यानं जो फोटो दोरीवरून काढला त्यानं त्यातली आठवण सांगायची. आत्यानं 1972च्या दुष्काळात कामावर खायला मिळायची त्या सुकडीची सांगितली तेव्हा सगळं टेरेस गप्प झालतं. हां, वाऱ्याचं विसरले सांगायचं, आगटी भिंतीच्या आडोशाला ठेवा, आमची राख आधी सगळी दह्यात चाललेली.

बाबांसाठी गादीची खुर्ची मांडलेली मधोमध. पाच मिनिटं बसले असतील. मग स्वतःच खुर्ची आगटीजवळ ओढली, बाह्या सारल्या आणि कुणालाच हात लावू दिला नाही. पावणेदहाला मी चावी द्यायला निघाले तरी ते काळ्या हातांनी शेजारच्या पोराला कणीस कसं चोळायचं ते दाखवत होते.

डिपॉझिट अजून मिळालेलं नाही, उद्या परत चाललेय ऑफिसात.