पुण्याहून गोव्यात राहायला जाण्यापूर्वी : जुलैतील घरशोधाचा वृत्तांत

गोव्यात पावसाळ्यात घरे निम्म्या भाड्याने मिळतात, तिथली हवा पुण्यापेक्षा सौम्य आहे आणि महिन्याचा खर्चही कमी येतो, असे आम्हाला निघण्यापूर्वी अनेकांनी छातीठोकपणे सांगितले होते. जुलै महिन्यात प्रत्यक्ष घरे पाहून, घरमालकांशी आणि दलालांशी बोलून परतल्यावर माझे मत असे झाले आहे की यांतले पहिले विधान दिशाभूल करणारे आहे, दुसरे बहुतांशी चुकीचे आहे आणि तिसरे केवळ अर्धे खरे आहे. माझ्या पतीची बदली पणजीला होणार असल्याने हा प्रवास आम्ही मुद्दाम भर पावसात केला, आणि ज्यांना पुणे सोडून गोव्यात बिऱ्हाड थाटायचे आहे त्यांनीही घर पाहायला जुलैतच जावे, डिसेंबरमध्ये मुळीच जाऊ नये, असे माझे स्पष्ट सांगणे आहे.

रस्त्याविषयी थोडक्यात सांगते. पुण्याहून पणजी साधारण साडेचारशे किलोमीटर आहे. बेळगावपर्यंतचा महामार्ग सोपा आहे. पुढे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाट उतरून साखळीमार्गे आम्ही पणजीला गेलो. जांबोटी ते कणकुंबी हा टप्पा आम्ही गेलो तेव्हा खड्ड्यांनी भरलेला होता, पाण्याखाली खड्डा किती खोल आहे हे कळायला मार्ग नव्हता, आणि धुक्यात समोरून येणारी गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसत होती. परतताना आम्ही सावंतवाडी आणि आंबोली घाटाने निपाणीला निघालो. आंबोलीत पाऊस आणि धुके दोन्ही भरपूर असले तरी रस्ता पुष्कळ बरा होता. पावसाळ्यात आंबोलीनेच जावे. अंतराच्या हिशेबात चोर्ला जवळचा दिसतो, पण आम्ही साखळीला पोहोचलो तेव्हा अंगातले सगळे त्राण संपले होते आणि त्या दिवशी घर पाहण्याच्या मनःस्थितीत आम्ही दोघेही नव्हतो.

आता हवामान. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पणजीत तो तीन हजारांच्या आसपास असतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. हे आकडे वाचून मनात फक्त छत्री आणि रेनकोट येतात, पण खरा प्रश्न घराच्या भिंतींचा आहे. पणजीच्या सांतिनेज भागात पाहिलेल्या पहिल्याच फ्लॅटमध्ये नैर्ऋत्येकडच्या भिंतीला लावलेले कपाट आम्ही घरमालकांच्या परवानगीने थोडे पुढे ओढले, तेव्हा मागे जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी चढलेली दिसली आणि कपाटाच्या प्लायवूडला पापुद्रे सुटलेले होते. "पावसाळ्यात सगळ्यांच्याच भिंती ओल धरतात," असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते, परंतु पूर्णही नव्हते, कारण त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या, पूर्वेकडे तोंड असलेल्या घराच्या भिंती आम्ही हात लावून पाहिल्या आणि त्या कोरड्या होत्या. गोव्यात पाऊस नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूंच्या भिंती त्याचा मारा सोसतात. जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत, गिलावा फुटला असेल तर, हे पाणी आतपर्यंत झिरपते. म्हणून घर पाहताना दिवाणखान्याची सजावट पाहत बसू नये; होकायंत्र हातात घेऊन पश्चिमेची भिंत शोधावी, कपाटामागे आणि पलंगाखाली पाहावे, न्हाणीघराची खिडकी बाहेर उघडते की बंद डक्टमध्ये, हे तपासावे, आणि तळमजल्यावरचे घर, ते कितीही सुंदर असले तरी, नाकारावे. पणजीतील मळा नावाची वस्ती आणि तिच्या जवळच्या सखल भागांत मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते. तिथे तर तळमजल्याचा विचारही करू नये.

पुण्याची हवा कोरडी आहे, याची किंमत पुणेकरांना पुण्यात असताना कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दुपारी पारा ३८ अंशांपर्यंत जातो, पण रात्री तो पुष्कळ उतरतो आणि पहाटे झोप लागते. पणजीत मे महिन्यात कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असते, ते कागदावर सौम्य वाटते. मात्र रात्रीही ते २६-२७ अंशांच्या खाली येत नाही आणि हवेत दमटपणा इतका असतो की घाम अंगावर वाळतच नाही. ज्यांना दम्याचा किंवा सांधेदुखीचा त्रास आहे, किंवा ज्यांच्या घरी वृद्ध आई-वडील आहेत, त्यांनी तापमानाच्या आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. हिवाळ्यातील पुण्याची थंडी तर गोव्याच्या किनाऱ्यावर मिळणारच नाही.

भाड्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आमची सर्वांत मोठी फसगत तिथेच होता होता राहिली. करंजाळे येथे दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेला एक फ्लॅट आम्हाला महिना २०,००० रुपये भाड्याने सांगण्यात आला. पुण्यात कोथरूडमध्ये आम्ही तेवढ्याच जागेसाठी २८,००० देतो, त्यामुळे समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे घर मिळते आहे याचा आम्हाला आनंद झाला, आणि ज्यांनी "पावसाळ्यात निम्म्या भाड्यात" असे सांगितले होते त्यांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले. करारनामा वाचायला हातात आला तेव्हा मात्र त्यात एक वेगळेच कलम दिसले. २०,००० हे भाडे जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांपुरतेच होते. १ नोव्हेंबरपासून भाडे ४५,००० होणार होते, आणि ते मान्य नसल्यास ३१ ऑक्टोबरला घर रिकामे करून द्यायचे होते. दलालाने आपली दलाली मात्र दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मागितली, आणि तीही चढ्या भाड्याच्या हिशेबाने, म्हणजे ९०,००० रुपये.

हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. चार महिन्यांचे ८०,००० आणि पुढच्या सात महिन्यांचे ३,१५,००० मिळून अकरा महिन्यांचे भाडे ३,९५,००० होते, म्हणजे सरासरी महिना जवळजवळ ३६,०००. त्यात दलाली मिळवली की आकडा ४,८५,००० वर जातो आणि महिना ४४,००० च्या पुढे पडतो. वीस हजारांचे म्हणून दाखवलेले घर प्रत्यक्षात चव्वेचाळीस हजारांचे निघते. आणि ज्याला ऑक्टोबरअखेर घर सोडावे लागेल, त्याच्यावर ऐन हंगामाच्या तोंडावर, जेव्हा किनाऱ्यालगत एकही घर माफक भाड्याने मिळत नाही, तेव्हा मुलांसह सामान उचलण्याची वेळ येईल. किनारपट्टीवरच्या घरमालकांना पावसाळ्यात घर रिकामे राहू नये एवढ्यासाठीच भाडेकरू हवा असतो. हंगामात पर्यटकांकडून मिळणारा पैसा त्यांना सोडायचा नसतो. त्यांच्या व्यवहाराच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, पण नोकरी करणाऱ्या कुटुंबाने या खेळात उतरू नये. जून ते सप्टेंबर या काळात स्वस्त म्हणून सांगितलेल्या प्रत्येक घराच्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा की नोव्हेंबरचे भाडे किती, आणि उत्तर करारनाम्यात लिहून घ्यावे. कळंगुट, कांदोळी आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्यात तर घर शोधण्यासाठी पाऊलही टाकू नये, असे माझे मत आहे.

आम्ही तो करार नाकारला. दलालाने त्यानंतर घरे दाखविल्याबद्दल वेगळे पैसे मागितले, ज्याविषयी आधी एक शब्दही निघाला नव्हता. आम्ही ते दिले नाहीत आणि तुम्हीही देऊ नयेत; पहिल्या भेटीतच दलाली किती, कधी आणि कशाबद्दल हे मोबाइलवरच्या लेखी संदेशात मागून घ्यावे.

यानंतर आम्ही पणजी सोडून आत, फोंड्याकडे वळलो, आणि तिथे पोहोचल्यावर मनावरचा भार उतरला. फोंड्यापासून पणजी साधारण तीस किलोमीटर आहे, रस्ता म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारी, जुने गोवे असा जातो आणि कदंब परिवहनच्या तसेच खासगी बस दिवसभर मिळतात. इथे पर्यटकांचा हंगाम भाडे ठरवत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा, तेवढ्याच खोल्यांचा फ्लॅट १६,००० रुपयांना मिळाला, वर्षभर एकच भाडे, एका महिन्याची दलाली. अकरा महिन्यांचा सगळा हिशेब १,९२,००० रुपयांत बसतो. मालकीणबाईंनी स्वतःहून पश्चिमेची भिंत दाखवली, गेल्या वर्षी कुठून पाणी आले आणि त्यावर काय केले ते सांगितले. "जे आहे ते आधीच सांगितलेलं बरं, मागाहून तोंड वाकडं नको," असे त्या म्हणाल्या. शेजारीपाजारी मराठी सहज बोलली जाते, त्यामुळे पुण्याच्या माणसाला परकेपणा वाटत नाही. मराठी कुटुंबाने गोव्यात राहायचे असेल तर फोंडाच निवडावा, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. उणिवाही आहेत: सह्याद्री जवळ असल्याने पाऊस किनाऱ्यापेक्षा अधिक, आणि मे महिन्यात समुद्राचा वारा नाही. म्हापसा भाड्याच्या दृष्टीने ठीक आहे, परंतु बाजारात गाडी लावणे अवघड आहे. मडगाव रेल्वेने ये-जा करणाऱ्यांनी पाहावे.

देवदर्शनाचे आणि मिरामारला फिरण्याचे दिवस चांगले गेले.

महिन्याच्या खर्चाचा विचार करताना काही गोष्टी गोव्याच्या बाजूने आहेत. पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त आहे आणि घरगुती विजेचा दर पुण्यापेक्षा बराच कमी आहे. परंतु पुण्यात जी विजेची उपकरणे चैनीची वाटतात ती इथे गरजेची होतात. पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत, म्हणून ते वाळवणारे यंत्र लागते. झाडे तारांवर पडली की वीज तासन्‌तास जाते, म्हणून इन्व्हर्टर लागतो. समुद्राजवळ राहिल्यास खाऱ्या हवेने फ्रिजची मागची बाजू आणि एसीचे बाहेरचे यंत्र गंजते. रात्री आठनंतर पुष्कळ मार्गांवर बस मिळत नाही, रिक्षा मीटरने येत नाहीत आणि ओला-उबर नाहीत. सरकारच्या पाठिंब्याने चालणारे गोवामाइल्स हे अ‍ॅप आहे, पण प्रत्येक ठिकाणी गाडी वेळेवर मिळेल असे धरून चालता येत नाही. त्यामुळे पुण्यात एका दुचाकीवर भागत असेल तर गोव्यात दोन वाहने धरावीत. दोन्ही विमानतळांपैकी मोपा पेडणे तालुक्यात उत्तरेच्या टोकाला आहे. तिथून टॅक्सीच्या भाड्याने पाकीट हलके होते, तर कदंबच्या बसचा खर्च त्याच्या काही अंशांतच होतो.

खाण्यापिण्याचा खर्चही पावसाशी जोडलेला आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते आणि ताज्या मासळीचे भाव चढतात. स्थानिक लोक मेअखेरच सुकी मासळी, कोकम, मिरची आणि उकडे तांदूळ यांचा पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात, आणि नव्याने येणाऱ्यानेही तसेच करावे. भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून घाटांनी येते, म्हणून घाट बंद पडला की भाव वाढतात. फलोत्पादन महामंडळाच्या सवलतीच्या दुकानांतून भाजी घेतल्यास फरक जाणवतो.

सरकारी सवलतींच्या भरवशावर अंदाजपत्रक करू नये. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे आरोग्य संरक्षण गोव्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्यांनाच मिळते, तेव्हा पुण्यातील आरोग्य विमा बंद करू नये. भाडेकरूची पोलीस पडताळणी टाळू नये. घरमालक "नंतर बघू" म्हणाला तरी आपण आग्रह धरावा. मुले वरच्या इयत्तांत असतील तर शाळेचे वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहे हे ध्यानात ठेवून बदलीची तारीख मागावी. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यात राहणार असल्यास पुण्याच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि रस्ता कर भरावा लागतो. पुण्यातील उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, त्यासाठी मूळ पावत्या जपून ठेवाव्यात.

सामानाचा ट्रक नोव्हेंबरपूर्वी आणू नये. लाकडी कपाटे शक्यतो पुण्यातच विकावीत आणि इथे स्टीलची घ्यावीत. पुस्तके प्लास्टिकच्या बंद पेट्यांत आणावीत. आमचा फोंड्याचा करार नोव्हेंबरपासून सुरू होणार आहे, आणि १५ मेपूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून पत्रे बसवण्याची जबाबदारी घरमालकांची राहील, हे वाक्य आम्ही त्यात सही करण्यापूर्वी लिहून घेतले आहे.