खुशाल हिंडा!

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. महिन्यातल्या एका गुरुवारी पुस्तकांची देवघेव आटोपली की टेबलं भिंतीला सरकवायची आणि सात-आठ सभासदांनी मिळून कविता वाचायची. अट एकच, कविता पोस्टकार्डावर मावली पाहिजे. चारोळ्या झाल्या, वात्रटिका झाल्या. या खेपेला मी ‘गाथासप्तशती’ काढली. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा, महाराष्ट्री प्राकृतातल्या 700 गाथांचा संग्रह. एकेक गाथा जेमतेम दोन ओळींची.

चिठ्ठीवर मी एका बाईच्या तोंडची गाथा मराठीत लिहून आणली होती : ‘धार्मिका, आता खुशाल हिंड. ते कुत्रं आज मारलं, गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं.’

सगळे गप्प. मग आमचे निवृत्त काका म्हणाले, “बरं झालं की! सकाळी फिरायचं म्हणजे कुत्र्यांचा केवढा ताप. बाई सज्जन दिसतेय.”

“अहो काका, कुत्रं गेलं पण सिंह आलाय ना!” कॉलेजातली मुलगी म्हणाली. “तिला तो धार्मिक तिथे नकोच आहे.”

“का नको?”

“ते तिचं संकेतस्थळ आहे,” मी म्हटलं.

“त्या काळी इंटरनेट?” मागून कुणीतरी.

प्रियकराला भेटायची जागा, असा खुलासा करावा लागला. “म्हणजे झेड ब्रिज!” मुलगी म्हणाली आणि माझं टिपण तिथेच निकालात निघालं. त्यात संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धन होता. नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त त्याने हीच गाथा घेतलीय : शब्द म्हणतात ‘ये’, अर्थ निघतो ‘फिरकू नकोस’. ‘या हं एकदा निवांत’ ऐकत वाढलेल्या पुणेकरांना हे काय समजावायचं!

काकांना मात्र पटेना. “पण हा धार्मिक मुळात तिथे कडमडतो कशाला?”

“फुलं तोडायला.”

काका रोज पहाटे पिशवी घेऊन लोकांच्या कुंपणांवरची फुलं पूजेसाठी गोळा करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांच्याच गल्लीतल्या एक बाई कोपऱ्यात बसतात. वर्षभरात ‘चहा नको’ यापलीकडे बोलल्या नसतील. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “काका, आमचा मोती गेला हो. आता खुशाल या जास्वंदीपाशी. फक्त काल तिथे बिबट्या दिसला म्हणे.”

मला हसू आवरेना. काकांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली.

“किती वाजता येतो तो?” त्यांनी विचारलं.