इतिहासाच्या रकान्यात काय लिहू?

गेल्या वर्षी जुलै संपत आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर होमस्कूलिंगचं अ‍ॅफिडेव्हिट पसरून बसले होते. पेनसिल्व्हेनियात मुलांना घरी शिकवायचं तर हा कागद दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत स्कूल डिस्ट्रिक्टकडे पोचवावा लागतो आणि सोबत प्रत्येक विषयात वर्षभर काय करणार याचा आराखडा जोडावा लागतो. गणित झालं, भाषा झाली, विज्ञान झालं. आगीचे धोके आणि आग कशी टाळावी हाही इथे कायद्याने सक्तीचा विषय आहे. तो दोन ओळींत उरकला. ‘अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास’ या रकान्यापाशी मात्र गाडी अडली.

थोरली तेव्हा नऊची, धाकटा सहाचा. दोघांना एकत्र इतिहास शिकवायचा होता आणि शिकवणारी मी, सांगलीची कॉमर्स ग्रॅज्युएट. चौथीत शिवाजी महाराज शिकले ते आजही पाठ आहेत. अमेरिकेचं म्हणाल तर बोस्टनचा चहा, वॉशिंग्टन, लिंकन, आणि मधे सगळा अंधार. नवऱ्याचं ज्ञान एवढंच, वर सिनेमांमुळे त्याला दुसरं महायुद्ध जरा जास्त येतं.

त्यातून कायदा याबाबतीत फार मोकळा. वर्षाला १८० दिवस शिकवा, वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवा, जूनअखेर इव्हॅल्युएटरला, म्हणजे मुलांचं काम तपासणाऱ्या शिक्षकाला, पोर्टफोलिओ, म्हणजे वर्षभराच्या कामाची फाइल दाखवा. ठरावीक इयत्तांत परीक्षा असते, पण ती वाचन-भाषा आणि गणिताची. इतिहासाला पुस्तक कुठलं घ्यायचं, हे कोणी सांगत नाही. सुरुवातीला मला हे सुख वाटलं होतं.

त्याच्या आधीच्या वर्षी, थोरली एकटीच घरी शिकत होती तेव्हा, मी एक भलामोठा खोका मागवला होता. ३६ आठवड्यांचं आखीव वेळापत्रक, पंधरा-वीस गोष्टीची पुस्तकं, आईसाठी जाडजूड मार्गदर्शिका. महिनाभरात त्या खोक्याने माझा जीव काढला. रोजचे चौकोन भरायचे राहिले की मलाच गृहपाठ न केल्यासारखं व्हायचं. शिवाय त्यातला इतिहास पावलोपावली देवाच्या हवाली. १७७६ च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिनला धुकं पडलं आणि वॉशिंग्टनचं सैन्य इंग्रजांच्या हातून निसटलं, तर ते धुकं म्हणे देवाने पाठवलं. आम्ही घरी गणपती बसवणारी माणसं, देवाशी आमचं भांडण नाही. पण थोरलीने विचारलं, “मग देव इंग्रजांवर का चिडला होता?” मार्गदर्शिकेत याचं उत्तर नव्हतं. होमस्कूलिंगच्या बाजारात असं साहित्य खूप आहे आणि ज्यांना तेच हवं असतं त्यांच्यासाठी ते बरंही असेल. मी खोका अर्ध्या किमतीत विकून टाकला.

आता दोघं होती, म्हणजे नवाच पेच. बहुतेक संच वयाप्रमाणे पायऱ्या लावलेले. त्या पायऱ्या पाळल्या तर एकीकडे जेम्सटाउनची सुरुवातीची वसाहत, दुसरीकडे यादवी युद्ध आणि मधे माझी फोडणी करपतेय, असं चित्र डोळ्यांपुढे यायला लागलं. दोघांना एकाच शतकात ठेवायचं, एवढं पक्कं केलं.

लायब्ररीतून आणि होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांच्या को-ऑपमधल्या मैत्रिणींकडून चार-पाच नमुने घरी आणले. एक सरळ पाठ्यपुस्तक, धड्याखाली रिकाम्या जागा भरा. एक शंभरेक वर्षांपूर्वीच्या जुन्या पुस्तकाची नवी छपाई; भाषा देखणी, पण मळ्यातले गुलाम त्यात आनंदाने गाणी म्हणत होते. ते मी मुलांच्या हाती लागू न देता परत केलं. एक गोष्टीरूप, मोठ्याने वाचून दाखवायचं. एक नुसतीच चित्रं. सगळीच चाळली की सगळीच बरी वाटायची. पहिल्या प्रकरणात कोलंबस, शेवटी चंद्रावर माणूस. तुलना करायची तरी कशी?

मार्ग सापडला तो आजीमुळे. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्ही बक्स काउंटीत राहतो. एका रविवारी त्यांना घेऊन राइट्सटाउनवरून जाताना तिथला ‘वॉकिंग पर्चेस’चा दगड बघायला थांबलो. थोरलीने फलक वाचला, मी घरी येऊन बाकीचं शोधलं आणि रात्री मटार सोलता सोलता आईंना सांगितलं.

गोष्ट अशी. विल्यम पेनला १६८१ मध्ये इंग्लंडच्या राजाने हा मुलूख दिला. पेनने इथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांशी बरंच सचोटीने वागून जमिनी विकत घेतल्या. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी १६८६ चा म्हणून एक करार पुढे केला, की माणूस दीड दिवसात चालून जाईल तेवढी जमीन लेनापेंनी विकली आहे. लेनापेंना वाटलं, चालणं म्हणजे आपलं नेहमीचं चालणं, दमलं की बसायचं, भाकरी खायची. पेनच्या माणसांनी आधीच झाडंझुडपं तोडून वाट साफ करून ठेवली आणि तीन तगडे गडी भाड्याने आणले. १९ सप्टेंबर १७३७ ला तिघं निघाले. दोघं वाटेतच गळाले. तिसरा, एडवर्ड मार्शल, दीड दिवसात साठहून जास्त मैल गेला. एवढ्यावर भागलं नाही. तो थांबला तिथून डेलावेअर नदीकडे हद्दीची रेघ मारताना ती सरळ न मारता तिरकी मारली. एकूण साधारण १,२०० चौरस मैल जमीन गेली.

आईंनी मटाराची शेंग हातातच धरली. “अगं, हा तर बांध कोरला की!”

त्यांचं गाव कोरेगाव तालुक्यात. शेजाऱ्याने दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने बांध कोरत आणला, मग तलाठी, मग मोजणी, मग कोर्ट, हे सगळं त्यांनी उभा जन्म पाहिलेलं. धाकट्याने विचारलं, बांध म्हणजे काय? आजीने टेबलावर मटाराच्या दोन ढिगांमधे शेंगांची ओळ लावली आणि रोज एकेक शेंग हळूच कशी सरकवायची ते दाखवलं. पाच मिनिटांत पलीकडचा ढीग निम्मा झाला. धाकटा असा चिडला की शेंगा खालीच फेकल्या.

दुसऱ्या दिवशी मी उरलेले नमुने उघडले आणि प्रत्येकात फक्त १७३७ शोधलं. पाठ्यपुस्तकात नव्हतंच, त्यात पेन चांगला होता, लेनापे चांगले होते आणि पुढच्या पानावर बेंजामिन फ्रँकलिन पतंग उडवत होता. चित्रांच्या पुस्तकात एक ओळ, ‘जमिनीचा करार झाला.’ गोष्टीरूप पुस्तकात दीड पान होतं, नकाशा होता आणि लेनापेंना फसवलं असं साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. तेच घेतलं. एवढ्याशा एका पानावरून वर्षाचा निर्णय घ्यायचा म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पण भात शिजलेला निघाला. रकान्यात मी लिहिलं: वसाहतींच्या आधीपासून १८०० पर्यंत. त्या वर्षी राजधानी फिलाडेल्फियातून वॉशिंग्टनला गेली, म्हणजे आमच्या राज्याचा आणि देशाचा इतिहास तोवर एकाच दावणीला बांधता येतो.

मग बसलेली घडी अशी. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी अर्धा तास मी वाचणार, दोघं ऐकणार. थोरली नंतर आठ-दहा ओळी लिहिते. धाकटा चित्र काढतो आणि तोंडाने सांगतो, ते मी वहीत उतरवते. पॅसेजच्या भिंतीवर खाकी कागदाचा लांब पट्टा लावला. वरची रेघ इथली, खालची आपल्याकडची. १७७६ ला वर स्वातंत्र्याचा जाहीरनामा, खाली पुरंदरचा तह. १७७९ ला खाली वडगाव, इंग्रज शरण. १७८१ ला वर यॉर्कटाउन, तिथेही इंग्रज शरण. तिथे हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन खालच्या रेघेवर हजर झाला, तेव्हा थोरलीने लाल पेनाने असा काही बाण मारला की कागद फाटला. बोस्टनच्या समुद्रात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचाच होता, म्हणून धाकट्याला तो आसामचा हवा होता. तो चीनचा होता म्हटल्यावर त्याचा रस गेला.

गुलामगिरी सहा वर्षांच्या मुलाला किती सांगायची, हे कुठल्याच पुस्तकाने मला शिकवलं नाही. फिलाडेल्फियात वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचा त्या घराच्या जागी भिंतीत नऊ नावं कोरलेली आहेत, त्याने तिथे ठेवलेल्या गुलामांची. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम इथे सलग सहा महिने राहिला तर मोकळा होऊ शकायचा, म्हणून वॉशिंग्टन त्यांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणायचा. थोरली हिशेब घालत गप्प झाली. त्या नवांतली ओना जज १७९६ च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवायला बसलेली असताना बाहेर पडली, ती परत आली नाही. धाकट्याने एवढंच विचारलं, “मग जेवण कोणी वाढलं?” मी उत्तर दिलं नाही.

जूनमध्ये इव्हॅल्युएटर आल्या, निवृत्त शिक्षिका. पोर्टफोलिओ पाहिला, मग धाकट्याला विचारलं, इतिहासात काय आवडलं? त्याने इंग्रजीत झोकात सुरुवात केली. पळणारे गडी आले, साफ केलेली वाट आली, तिरकी रेघ आली आणि ऐन मोक्यावर शब्द अडला. “दे… दे बांध कोरला,” म्हणाला. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी मला त्यांच्या पेन्सिली टेबलावर ओळीने लावून एकेक सरकवून दाखवावी लागली.

रात्री आजीला फोन लावून हे सांगितलं. त्या पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, “पण त्यांनी परत मोजणी मागितली का नाही?” आमच्या दीड पानात ते नव्हतं. थोरलीने लायब्ररीतून शोधून काढलं. दाद मागितली होती. १७५६ मध्ये ईस्टनला भरलेल्या सभेत टीडीयुस्कुंग नावाच्या लेनापे पुढाऱ्याने या चालण्याची तक्रार इंग्रजांपुढे मांडली होती. ईस्टन आमच्यापासून तासाभरावर आहे. शनिवारी जायचं ठरलंय. थालीपीठं बांधून घेणार आहे.