केळपानाची पाटली

माझे वडील सोन्यावर कलम, म्हणजे नक्षी कोरण्याचे हत्यार, चालवत. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणामुळे १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी आली, तेव्हा त्यांचीही शेगडी थंड पडली, परंतु त्यांनी एकही कलम मोडीत काढले नाही. त्याच कलमांवर मी जळगावात आमचे दुकान उभे केले.

पाटलीचा केळपानाचा घाट माझा स्वतःचा आहे. तापीकाठच्या बागेत केळीचे पान उजेडाकडे धरले, की मधल्या दांड्यापासून निघालेल्या शिरा एकमेकींना समांतर जाताना आणि कडेशी किंचित टोकाकडे वळताना दिसतात. ते वळण पाटलीवर आणायचे, तर पत्रा तापवून नरम करावा लागतो, राळेवर पक्का बसवावा लागतो आणि रेघ एका दमात ओढावी लागते, कारण हात मध्येच थांबला की तिथे खाच पडते.

ज्यांच्याकडे आमचा माल विक्रीस असे, त्याच एका व्यापाऱ्याने या पाटलीचा रबरी साचा काढला, मेणाच्या प्रती केल्या आणि ओतीव पाटल्या आमच्या निम्म्या घडणावळीत विकल्या. त्या दोन वर्षांत माझे तीनपैकी दोन कारागीर गेले आणि घर गहाण पडले.

रावेरकडच्या एक मावशी दोन्ही पाटल्या घेऊन आल्या, गादीवर शेजारी ठेवल्या आणि नख फिरवून म्हणाल्या, “भाऊ, तुमची रेघ नखाले लागते, त्याची नही लागत.” मी भिंगाखाली पाहिले. कलमाने कापलेल्या रेघेच्या दोन्ही बाजू आरशासारख्या लखलखत होत्या, तर ओतीव रेघेच्या कडा बोथट आणि तळ मंद होता. मावशींनी तिन्ही सुनांसाठी तोडे सांगितले व संपूर्ण रक्कम आगाऊ ठेवली. त्या पैशांवर आम्ही तगलो.

हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा सोने ९१.६ टक्के शुद्ध असल्याचे सांगतो, रेघ कोणी कोरली हे सांगत नाही, म्हणून घेताना भिंग मागून घ्यावे. कोरीव दागिना पातळ पत्र्यात मागू नये, कारण कलम सोने काढूनच रेघ उमटवते, आणि दर सणाला त्यास बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी देऊन, घेऊ नये, कारण बफाने कडा झिजतात.

आमचे काम पुढे सुरळीत चालले. तो घाट मात्र बाजारात आजही त्या व्यापाऱ्याच्याच नावाने मागितला जातो, आणि ते ऐकले की मला अजूनही लागते.