काळी चार

सप्टेंबर १९८० मध्ये शाळेची पेटी, म्हणजे हार्मोनियम, तीन रात्री शाळेत नव्हती. गौरी-गणपतीची सुट्टी होती, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. ती आमच्या मंडळाच्या मांडवात होती. मागच्या भिंतीवरून दोघांनी ती उचलून दिली आणि पलीकडं दोघांनी झेलली. झेलणाऱ्यांतला एक मी, दहावी ‘ब’. आता छडी मारायला कुणी उरलेलं नाही, तेव्हा अमृतमहोत्सवाच्या निमित्तानं लिहून टाकतो.

या स्मरणिकेत आपल्या शाळेतून शिकून डॉक्टर झालेल्यांचे लेख असतीलच, मिरजेत डॉक्टरांना काय तोटा! मी मांडव आणि स्पीकर भाड्यानं देतो. या धंद्याचं शिक्षण मला भिंतीपलीकडच्या गल्लीत मिळालं. मात्र त्याला लागलेलं सामान बरंचसं शाळेचं होतं, त्यामुळं श्रेयही शाळेलाच द्यावं लागेल.

गल्लीचं तरुण मंडळ म्हणजे एक पत्र्याची खोली. आत कॅरम, लेझमांचा ढीग, भिंतीला मारुतीचा फोटो. वर्षभर तिथं पत्ते आणि भांडणं चालायची, आणि आषाढ लागला की ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस. बाकीची मंडळं सांगली-कोल्हापूरहून पैसे मोजून पार्टी आणायची. आमची पार्टी घरची होती, त्याचा आम्हाला भलताच तोरा. अॅकॉर्डियन रेल्वेतल्या एका काकांकडं, मेंडोलिन दवाखान्यातल्या कंपाउंडरकडं, बोंगो सायकलच्या दुकानातल्या पोराकडं. ढोलकी वाजवणारे अण्णा तरुणपणी तमाशाच्या फडात होते. बायकांच्या आवाजातली गाणी म्हणायला एक शिंपी होता. त्या काळी गल्लीतल्या मुली स्टेजवर चढत नसत आणि बाहेरून गायिका आणायला पैसे नसत. तो द्वंद्वगीत एकटाच म्हणायचा, एका ओळीला डावीकडं तोंड, दुसऱ्या ओळीला उजवीकडं. लोक आधी हसायचे, दुसऱ्या कडव्यापर्यंत गप्प व्हायचे.

आणि आमचा रफी. तो दिवसा पिठाच्या गिरणीवर असायचा. संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, आणि पहिलं गाणं खोकण्यात जायचं. दुसऱ्यापासून मात्र आवाज असा मोकळा व्हायचा की शाळेच्या शिपाईमामांचा झाडू थांबायचा. मामांमुळंच तर आम्हाला चित्रकलेचा वर्ग मिळायचा. मंडळाच्या पत्र्यावर पाऊस पडला की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे. वर्ग कौलारू होता. मुख्याध्यापकांना हे ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. स्टेजसुद्धा शाळेच्या बाकांचंच व्हायचं. सोळा बाक सुतळीनं बांधायचे, वर फळ्या, त्यावर सतरंजी. गाणाऱ्यांच्या पायाखाली कुणाकुणाची कर्कटकनं कोरलेली नावं असायची. माझंही होतं.

माझं काम वायरी सांभाळायचं. दोन माईक, एक आहुजाचा अॅम्प्लिफायर, लाइट गेली तर बारा व्होल्टची बॅटरी, आणि मांडवाच्या खांबांना बांधलेले दोन भोंगे. माईकचं तोंड भोंग्याकडं वळलं की शिट्टी सुरू व्हायची. मग मी आवाज उतरवायचा आणि लोकांनी मला शिव्या घालायच्या. पावसाळी हवेत बोंगो आणि ढोलकी उतरायची, कातडं सैल पडायचं. बोंगोखाली शंभरचा बल्ब लावून ठेवायचा, तेही माझंच काम. आयुष्यात मी समोर बसून असा ऑर्केस्ट्रा बघितलाच नाही. मला वादकांच्या पाठी आठवतात, घामानं चिकटलेले शर्ट आठवतात, आणि भोंग्यांच्या मागून ऐकू येणारं, थोडं बोळा कोंबल्यासारखं गाणं.

३१ जुलै १९८० ला मोहम्मद रफी गेले. गणपती दीड महिन्यावर आले होते. गिरणी दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी आमचा रफी प्रॅक्टिसला आला आणि म्हणाला, ‘‘या वर्षी किशोर, मुकेश काय नको. पाचव्या दिवशी सगळी एकाचीच.’’ शिंप्यानं विचारलं, ‘‘मग मी काय करू रं?’’ त्याला कोरस मिळाला. तो रुसला, चार दिवस आला नाही, मग आला.

पाचवा दिवस दोन दिवसांवर आला आणि अॅकॉर्डियनवाल्या काकांना रात्रपाळी लागली. अॅकॉर्डियन दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. भजनात पेटी वाजवणारे एक आप्पा तयार झाले, पण भजनाची पेटी देवळाबाहेर न्यायची नाही असा नियम. उरली शाळेची.

ही पेटी संगीताच्या बाईंची. म्हणजे शाळेचीच, पण बाईंच्या परवानगीशिवाय तिच्यावरची धूळसुद्धा पुसायची नाही. बाई एकदा वर्गात म्हणाल्या होत्या, ‘‘पेटीला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, म्हणून १९४० साली रेडिओनं तिला बाहेर काढलं होतं. म्हणून तुम्ही तिच्यावर डबे ठेवायचे असं नाही.’’ सिनेमाच्या गाण्यांचं नाव काढलं की त्या खिडकीबाहेर बघायच्या. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. कपाटाची किल्ली मामांकडं होती. मामा म्हणाले, ‘‘मी आंघोळीला चाललोय. किल्ली खुंटीवर आहे. मला काय माहिती नाही.’’ पुढच्या फाटकातून नेली असती तर अख्ख्या रस्त्यानं बघितली असती, म्हणून भिंत.

त्या रात्री गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. बायका पोती, सतरंज्या घेऊन सात वाजल्यापासून बसलेल्या, पोरांच्या हातात भडंगाच्या पुड्या. बुरबुर पाऊस. दहाला बंद करायचा आजचा नियम तेव्हा नव्हता. सुरू व्हायलाच दहा वाजायचे. फर्माइशीच्या चिठ्ठ्या पाच-पाच रुपयांच्या नोटेला टाचून यायच्या आणि निवेदक आधी नोट वाचायचा, मग गाणं.

चौथं गाणं चालू असताना पेटीत काहीतरी टक् झालं. गाणं संपलं, पेटी थांबेना. एक सूर आपोआप चालूच. आप्पांनी भाता सोडला की बंद, भाता हलवला की पुन्हा सुरू. प्रत्येक पट्टीमागं एक झडप असते, ती स्प्रिंगनं मिटते. काळी चारची, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीची, स्प्रिंग तुटली होती, झडप उघडीच राहिली होती. आप्पांनी पट्टीखाली काडी सारली, ती निसटली. मी पोस्टकार्डाची घडी दिली, तीही. पेटी बाजूला ठेवायची म्हटली तर मागं एकटं मेंडोलिन उरत होतं.

आमच्या रफीनं कान देऊन ऐकलं. ‘‘कुठली?’’

‘‘काळी चार.’’

‘‘मग मरू दे. मी काळी एकात गातोय. पंचम होतोय, तानपुऱ्यागत.’’

मला यातलं त्या वेळी ओ की ठो कळलं नाही. नंतर समजावून घेतलं. काळी एक हा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरला की काळी चार हा त्याचा पंचम, म्हणजे ‘प’, आणि तानपुऱ्यात षड्जाबरोबर पंचमच झंकारत असतो. पुढची सात गाणी त्यानं काळी एकातच म्हटली. जी एरवी पांढऱ्यात म्हणायचा तीसुद्धा ओढून आणली. एक सूर सतत मागं, आणि पुढं गाणं. खरं सांगतो, अॅकॉर्डियनपेक्षा ते बरं वाटत होतं. भोंग्यातून तो पंचम मांडवाबाहेर, चौकापर्यंत जात होता.

मग ती चिठ्ठी आली. दहाची नोट, आणि मालकंस रागातलं भजन. कुठलं ते सांगायची गरज नाही, त्याच्याशिवाय रफींच्या नावाचा कार्यक्रम पुरा होत नाही. आमच्या यादीत ते शेवटी होतं. आप्पांनी कपाळाला हात लावला. मालकंसात ऋषभ (रे) आणि पंचम वर्ज्य. जो सूर घ्यायचाच नाही, नेमका तोच पेटीतून अखंड वाजणार.

दुसऱ्या कुठल्या गावात कुणी मनावरही घेतलं नसतं. पण ही मिरज. थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर इथल्या दर्ग्यात. दर वर्षी त्यांच्या नावानं तिथं चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, आणि ऐकायला भाजीवालेही बसलेले असतात. आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर सतारमेकर गल्ली. शिकलगारांनी हत्यारं सोडून वाद्यं करायला घेतली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. अशा लोकांपुढं मालकंसात पंचम वाजवायचा?

माझ्या वर्गातला एक मित्र त्या गल्लीतला. त्याचे चाचा तानपुरे करायचे. ऑर्केस्ट्राला ते कधी मांडवात बसत नसत, कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी उभे राहून ऐकायचे. ते गर्दीतून वाट काढत स्टेजच्या मागं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकले आणि गायकाला म्हणाले, ‘‘काळी दोनातून म्हण की. पंचमाचा मध्यम होईल. मालकंसाला तंबोरा मध्यमातच लावतात.’’

आप्पांनी बोटावर मोजलं आणि मान डोलावली. काळी दोन षड्ज धरला की काळी चार हा शुद्ध मध्यम, म्हणजे ‘म’. मालकंसाचा तर तो जीव. अडचण एकच, म्हणजे रोजच्यापेक्षा एक सूर वर. तारसप्तकात जायचं तर गिरणीवाल्या छातीला ते झेपेल का?

त्यानं पाणी मागितलं. दोन घोट प्याला, उरलेलं तळव्यावर घेऊन तोंडावर फिरवलं. अण्णांनी ढोलकी खाली ठेवली आणि शेजारच्या मंडळाचा तबला मागवला. तो येईपर्यंत आप्पा नुसता भाता हलवत राहिले. दोन-तीन मिनिटं मांडवात फक्त तो एक सूर होता. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. मी माईक त्याच्यापासून वीतभर लांब केला, कारण वर चढताना तो फाडणार हे मला ठाऊक होतं.

पहिल्या ओळीला तो जपून होता. अंतऱ्यात वर गेला तेव्हा आवाज किंचित चिरला. तिथंच त्यानं परत तीच ओळ घेतली, या वेळी सरळ गेला आणि वर थांबला. पाठीमागून मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि शर्टाच्या कॉलरला पीठ. चाचा डोळे मिटून उभे होते. ‘वा’ बिवा काही म्हणाले नाहीत. गाणं संपल्यावर पानपट्टीकडं परत गेले. त्यानंतर आणखी एक हलकंफुलकं गाणं यादीत होतं, ते आमच्या रफीनं म्हटलं नाही. शिंपी म्हणाला, ‘‘मी म्हणू का?’’ तेही कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेटी पोत्यात घालून सतारमेकर गल्लीत नेली. छताला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, कोपऱ्यात तुणीच्या लाकडाच्या फळ्या, लाखेचा वास. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले होते. फोटोत तो वास येत नाही.) चाचांनी पेटी उघडली आणि आधी आम्हाला झापलं. आत भडंगाचे दोन चुरमुरे निघाले होते. मग सतारीच्या पोलादी तारेचा तुकडा घेतला, खिळ्याभोवती वळं घातलं, दोनदा काढलं, तिसऱ्यांदा बसवलं. पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘शाळेची आहे न्हवं? मग जावा.’’ रात्री पेटी भिंतीवरून परत. किल्ली खुंटीवर. मामा पुन्हा आंघोळीला गेलेले.

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी प्रार्थनेला बाई पेटीवर बसल्या. सूर धरताना बोट काळी चारवर गेलं आणि थांबलं. त्यांनी ती पट्टी पुन्हा दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आम्ही चौघं चार वेगवेगळ्या दिशांना बघत होतो. सगळी शाळा हात जोडून उभी.

‘‘हिची स्प्रिंग कुणी बदलली?’’

कुणी बोललं नाही. ओट्यावर मामा घंटेचा टोल पुसत होते.

‘‘चांगली बदललीय,’’ बाई म्हणाल्या आणि प्रार्थना सुरू केली.

गेल्या महिन्यात महोत्सवासाठी सभागृहाची मापं घ्यायला मी शाळेत गेलो होतो. पेटी अजून आहे, आता ग्रंथालयाच्या कपाटात. दोन सूर बसलेत, भात्याला ठिगळ आहे. काळी चार ठणठणीत आहे, इतर पट्ट्यांपेक्षा जरा कडक लागते इतकंच.

तिन्ही दिवसांच्या कार्यक्रमाचे स्पीकर माझ्याकडून आहेत, त्याचं बिल मी लावणार नाही. पेटीचं तीन रात्रींचं भाडं त्यातून वळतं करून घ्यावं. स्प्रिंगचे पैसे मात्र चाचांच्या खाती जमा धरावेत.

— एक माजी विद्यार्थी, दहावी ‘ब’, मार्च १९८१