झाडाला पोट नाही पण बुरशी पचवतं

दोन दिवस डोक्यात नुसतं कायटिनेज, म्हणजे कायटिन तोडणारं एन्झाइम, चाललंय. गव्हाच्या रोगांबद्दल वाचायला बसले आणि त्या एन्झाइमपाशीच अडकले.

बुरशीच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात असतं तेच. झाडात ते नसतंच, तरी गहू, मका, भात, जव सगळेच कायटिनेज बनवतात, आणि सोबत ग्लुकानेज, जे त्याच भिंतीतलं बीटा-ग्लुकान तोडतं. दोघं मिळून बुरशीच्या तंतूचं टोकच पोखरतात कारण तिथे भिंत नवी आणि कच्ची असते. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते पुढचं, म्हणजे तुटून पडलेले कायटिनचे तुकडेच झाडाला खबर देतात, पेशीवरचे रिसेप्टर ते ओळखतात आणि मग आणखी एन्झाइम्स, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्वतःच्या भिंतीला लिग्निनचं (लाकडाला कडक करणारा पदार्थ) लिंपण असं सगळं भराभर सुरू होतं.

बुरशीही काही गप्प बसत नाही. गव्हाच्या पानांवर डाग पाडणारी सेप्टोरिया एक प्रोटीन सोडते, ते कायटिनला असं चिकटतं की एन्झाइमला तोडायला जागा मिळत नाही आणि झाडाला खबरही लागत नाही! म्हणून एक कायटिनेजचा जीन टाकला की पीक कायमचं सुरक्षित, हे मला तरी पटत नाही.

फ्युजेरियम या दुसऱ्या बुरशीची गोष्ट तर अजून वेगळी आहे, ती ओंबीत शिरते आणि डॉन नावाचं विष करते, ते झाडाचं प्रोटीन बनवणंच अडवतं आणि दाण्यातून माणसांच्या, जनावरांच्या पोटात जातं. जवाचं एक एन्झाइम त्या विषाला ग्लुकोज चिकटवून झाडापुरतं ते निकामी करतं, पण आतड्यातले जिवाणू तो ग्लुकोज पुन्हा काढू शकतात ना, मग विष परत मोकळं. गव्हाच्या एका रानटी नातेवाईक गवतात मात्र एफएचबी७ हा जीन आहे, त्याचं एन्झाइम विषातलं एपॉक्साइडचं कडंच (ऑक्सिजन असलेलं अणूंचं छोटं कडं) उघडून टाकतं, आणि विषारीपणा मुख्यतः त्या कड्यामुळेच असतो. मला हाच मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की हा जीन त्या गवतात आला तो बहुतेक एपिक्लोईकडून, गवतांच्या आत मुकाट राहणाऱ्या एका बुरशीकडून.